पाय उचलला की थांबते

९ नोव्हेंबर, रविवार
नव्या इलेक्ट्रिक गाडीला आज महिना. बेहाला ते सॉल्ट लेक रोजची ये-जा, तरी दुखरा उजवा गुडघा गप्प आहे. सगळं एका पेडलवर. दाबलं की पळते, पाय उचलला की आपोआप मंदावते आणि थांबते. ब्रेककडे पाय न्यायलाच नको. गुडघ्यापायी दोन वर्षं अविनाशच्या शेजारी पार्सलसारखी बसून बँकेत कामाला गेले. नवरा असला तरी रोज त्याच्या घड्याळाने निघायचं म्हणजे... आता माझी मी जाते. फार बरं वाटतं.

११ नोव्हें., मंगळ
तोटाही लिहावा. पाय सैल सोडताच येत नाही. सोडला की गाडी थबकते, मागचे हॉर्न मारतात. तारातलाच्या जॅममध्ये पोटरीत गोळा आला. सई शेजारी होती. पोरगी वाढली इथेच, मराठी अर्धी बंगाली. "आई, किती झटके देतेस, माझं गा गुलोच्छे." मळमळतंय म्हणे. पाय हळू उचलायला शिकायला हवं.

१४ नोव्हें., शुक्र
ठोकली.
आज संध्याकाळी लांब जायचं म्हणून अविनाशने काल रात्रीच गाडी शंभर टक्के चार्ज केली. एरवी ऐंशीवर थांबतो. निघण्याआधी टाकी फुल्ल हवी, ही त्याची स्कूटरपासूनची खोड. मंदावताना होणारी वीज बॅटरीत परत जाते. बॅटरी तुडुंब, तर वीज जाणार कुठे? मग पाय उचलूनही गाडी पुरती मंदावत नाही. हे ज्ञान आज झालं. सकाळी निघताना गाडीच्या पडद्यावर पिवळं काहीतरी आलं होतं, सर्व्हिसची आठवण समजून मी ते घालवलं.
माजेरहाट पुलाच्या उतारावर पाय उचलला आणि निवांत बसले. समोरच्या ऑटोला जाऊन टेकले. कुणाला लागलं नाही, देवाची कृपा. ऑटोवाला उतरून शांतपणे म्हणाला, "दीदी, गाड़ीते ब्रेक नेई?"
ब्रेक होता. पायाला आठवला नाही.

१५ नोव्हें., शनि
अविनाशने चूक कबूल केली, आणि त्याच दमात सईची री ओढली. सईचं म्हणणं, ड्रायव्हर ठेव, तुझा पाय ब्रेक विसरलाय. खोटं नाही, म्हणूनच झोंबलं. बाथरूममध्ये जाऊन रडले. महिनाअखेरपर्यंत मुदत मागून घेतली. तोवर किल्ली सईच्या पर्समध्ये.

१६ नोव्हें., रवि
सेक्टर फाइव्ह. ऑफिसं बंद, रस्ते मोकळे. एक-पेडलची सोय बंद केली. अविनाश शेजारी बसून मधेच "ब्रेक" म्हणायचा. पहिल्यांदा मी नुसता पाय उचलला आणि महाराणीसारखी बसून राहिले, गाडी आपली चाललीच. बारा वेळा केलं. मग गुडघा बोलायला लागला. घरी येऊन बर्फ.

२३ नोव्हें., रवि
आज तीस वेळा. शेवटच्या दहात पाय लगेच गेला. दुखतं, पण सोसवेल इतकं.
ठरवलंय, जॅममध्ये एक पेडल, पोटरी कुरकुरली तरी गुडघ्याला ते अमृतच आहे. मोकळ्या रस्त्यावर आणि उतारावर दोन. चार्ज ऐंशीच. घरच्यांना पटतंय का, बघू.

३० नोव्हें., रवि
मुदत संपली. सकाळी सईनेच किल्ली काढली, पण मला दिली नाही. तिचं शिकाऊ लायसन्स आलंय, म्हणाली आधी मला शिकव. आणि दोन पेडलवरच शिकव.
पुन्हा सेक्टर फाइव्ह. ती स्टिअरिंगवर, मी डावीकडे. पोरगी सावध चालवते, मला आवडलं. वळणावर एक कुत्रं रस्त्यातच पसरलेलं. सईने ब्रेक लावायच्या आत माझा उजवा पाय समोरच्या चटईवर दाणकन आपटला. गुडघ्यातून कळ गेली.
गाडी थांबली. सईने माझ्या पायाकडे पाहिलं.
"आई, तुझ्या बाजूला ब्रेक नाहीये."
"माहितीय. पण पाय गेला ना?"
ती बराच वेळ हसत होती. घरी आल्यावर किल्ली पुन्हा तिच्या पर्समध्ये गेली. उद्या सोमवार, साडेआठला निघायचं आहे. किल्ली मी अजून मागितलेली नाही.