दंतवैद्याची पाटी

३ तारीख, सोमवार

सगळे म्हणतात, लाकडी पाट्या कोरायचं हे दुकान मला फुकटात पडलं. फुकटात कसलं! खरा हिशेब असा : नंबरप्लेटी रंगवायची चालती टपरी मोडली, मेहुण्याशी अबोला ओढवून घेतला, सामान उतरवताना कमरेत उसण भरली आणि बायको-मुलीला तिच्या माहेरी ठेवून आलो. बायकोने निक्षून सांगितलंय, पहिली पाटी चौकात लागलेली दाखव, मग बिऱ्हाड हलवते. नाही जमलं तर गुमान परत ये.

तरी आज मन हरखलंय. एकच खोली, पण सगळी लाकडाची. फळ्यांच्या भिंती, फळ्यांचं दार, एका खिडकीखाली कामाचं टेबल. पटाश्या ओळीने टांगलेल्या. मुठी जुन्या कारागिराच्या तळव्याने झिजून गुळगुळीत झालेल्या. तो गेला. त्याची बायको शेजारीच राहते, तिला मी काकू म्हणतो. सांगत होती, शेवटी त्याचा डावा हात मिटला तो उघडलाच नाही, पटाशी धरता येईना. संधिवात असावा.

किल्ली देताना काकूंनी एकच अट घातली. कोरताना निघालेल्या ढलप्या जाळायच्या नाहीत, फेकायच्या नाहीत. ज्या पाटीच्या, त्याच पाटीच्या मागे फडक्यात बांधून लटकवायच्या. मी मान डोलावली. दर दुकानाचं एक खूळ असतंच.

५ तारीख, बुधवार

बोहनी झाली! चौकातल्या दंतवैद्याची पाटी. खोल अक्षरं, आत काळा रंग, वरून पॉलिश. माणूस मोठा मिश्कील. म्हणाला, अक्षरं नीट खोल खणा, मी दुसऱ्यांचे खड्डे बुजवतो, माझ्या पाटीला तरी असू द्यात.

काकूंनी ठेवलेल्या जुन्या फळ्यांतली एक घेतली. लाकूड असं की पटाशी लोण्यात शिरावी. शाळेने मला चौथीतच रामराम केला, पण कान देवाने दिले ते दिले. ठोक्याच्या आवाजावरून गाठ कुठे आहे ते डोळे मिटून सांगतो. बायको म्हणते, या माणसाच्या शेजारी मनातल्या मनात बोलायचीही चोरी. खरंच आहे ते. या कानांतून काही सुटत नाही.

शेगडी अजून लागली नव्हती. ढलप्या सुकलेल्या, टोपलीभर. विटांची चूल मांडून पेटवल्या, वर चहा ठेवला. राख गटारात. माझ्या दुकानात काही वाया जात नाही! चहा इतका सुरेख झाला की दोनदा घेतला.

८ तारीख, शनिवार

डोकं फिरायची वेळ आलीय. काल अक्षरं करंगळीच्या पेरभर खोल होती. आज नखाएवढीसुद्धा नाहीत. वाटलं, लाकूड ओलं असेल, फुगलं असेल. पण ओल्या लाकडाचा ठोका बसका येतो, हा खणखणीत. पुन्हा कोरलं. रंग भरायला घेतला तर तोच रंग दुपारपर्यंत वर येऊन पृष्ठभागावर साय धरल्यासारखा. पॉलिश पेपरने घासून घासून बोटांची सालं निघाली. नव्या ढलप्याही चुलीतच गेल्या. मला काय त्यांची पूजा मांडायचीय?

दंतवैद्य डोकावून गेला. पाटी बघून म्हणाला, अहो, हिने तर माझाच धंदा उचलला. तो हसला. मला हसू आलं नाही.

११ तारीख, मंगळवार

पाटी कोरी. कुठे अक्षर होतं तेही ओळखू येत नाही. शिव्या घालून तिसऱ्यांदा कोरायला बसलो, तर टेबलाचा खण उघडेना. पार फोडला. आत पोकळी नाहीच. खण म्हणजे सगळा एकसंध ठोकळा, माझी फूटपट्टी मध्ये गाडलेली. भिंतीवरचे खिळ्यांचे जुने छेद बुजलेत. किल्ली कुलपाच्या भोकात जाईना, म्हणून दाराला कडी लावून बसतो.

बायकोचा फोन आला. सोमवारी येतेच म्हणते, पाटी लागो न लागो, मुलगी बाबा-बाबा करून जीव खातेय. लाइन खराब होती. तिला चार वेळा तेच विचारलं, तर चिडली. म्हणाली, आज कान कुठे गहाण टाकलेत?

१३ तारीख, गुरुवार

अखेर काकूंना गाठलं. पाटीचं सांगितलं. त्यांनी काही विचारलं नाही, फक्त ढलप्या कुठे आहेत एवढंच. मी चहाचं सांगितल्यावर खाली बसल्या.

म्हणाल्या, लाकडातून काढलेलं त्याच्या पाठीशी ठेवलं की ते गप्प राहतं. नाहीतर ते आपलं आपण भरून काढतं, आणि थांबायचं कुठे ते त्याला कळत नाही. त्यांच्या नवऱ्याने थंडीच्या एका सकाळी मूठभर ढलप्या शेकोटीत टाकल्या होत्या. मूठभरच. हात मिटला नव्हता म्हणाल्या. बोटांच्या मधली जागा भरून आली होती.

मग विचारलं, राख? मी सांगितलं, गटारात. त्या दोनदा काहीतरी बोलल्या. ओठ हलताना दिसले. मी पुन्हा विचारलं, तर माझ्याकडे बघत राहिल्या आणि आत गेल्या.

म्हातारीने सांगायचं तर तेव्हाच नीट सांगायचं! खूळ म्हणून सांगितलं, खूळ म्हणून ऐकलं.

१५ तारीख, शनिवार

गटार उपसलं. काळा चिखल पाटीला फासला. काही नाही. उरलेला भुसा, केराच्या टोपलीतला, चटईखालचा, सगळा वेचून फडक्यात बांधला, मागे लटकवला. काही नाही. पाटी कोरी, गुळगुळीत, मस्त पॉलिश केल्यासारखी. असं पॉलिश मला जन्मात जमलं नाही.

हातोडा मारला. आवाज गोधडीखालून यावा तसा. वाटलं, भुसा गेला कानात. करंगळी घातली — गेली नाही. नखाखाली पातळ सोललेलं काहीतरी आलं. हुंगलं. पाटीच्या लाकडाचा वास.

१६ तारीख, रविवार

सामान बांधलं. पाटी गेली चुलीत — नाही, चुलीत नाही, नाही — राहू दे इथेच. बायकोला फोन करून सांगायचं, येऊ नको. फोन लावला. ती बोलली असेल. मी ओरडून सांगितलं, येऊ नको, मुलीला आणू नको. माझाच आवाज मला —

दार उघडेना. चौकटीची फट नाही. दार आणि भिंत एकच फळी. खिडकीही तशीच, काच तेवढी मध्ये, तळहाताएवढी. तिच्यातूनच उजेड येतो.

करवत चालवली. पातं पुढे जातंय, मागे चीर मिटतेय. आता पातं अडकलंय. ओढून निघत नाही.

१७ तारीख, सोमवार

काच नाण्याएवढी उरली. तिच्यातून बायको दिसली. पिशवी खाली ठेवून उभी. मुलगी तिच्या कडेवर. फोनवर नाही ऐकलं तिने, किंवा मी बोललोच नसेन —

काकू धावत आल्या, तिचा दंड धरून मागे ओढतायत. ती हात झिडकारून दाराकडे —

लांब राहा म्हणून ओरडलो. तोंड पुरतं उघडत नाही. दातांच्या मधे —

भिंत हलतेय. हाताला कळतंय. ठोठावत असणार ती. मला काही ऐकू येत —