चपटं पिस्तूल आणि आखूड रिव्हॉल्व्हर

१ मार्च, शनिवार
आमच्या चर्चच्या सशस्त्र पहारा-पथकाचा प्रमुख टल्सा शहरात राहायला गेला. नवा प्रमुख पास्टर टीग महिनाअखेरीस ठरवणार. विचार कसला करतात कोण जाणे. गावात शस्त्रांतलं कळणारा माणूस एकच, आणि तो आत्ता हे लिहितोय.
दुसरा इच्छुक माझा मेहुणा मर्ल. दातांचा डॉक्टर! दाढ उपटणं वेगळं आणि पिस्तूल उपसणं वेगळं. मी तीस वर्षं गालिचे विकले. नुसत्या नजरेने खोलीचं माप सांगायचो. नेमबाजीला आणखी काय लागतं?
बेत: पथकासाठी एकच छोटं हत्यार ठरवायचं. नेमबाजीच्या रेंजवर चपटं पिस्तूल आणि आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर भाड्याने घेऊन दोन्ही पारखायची, निकाल पास्टरपुढे ठेवायचा. पद आपोआप येईल.

८ मार्च, शनिवार
रेंजवर. बायको, लवॉन, बरोबर आली, कारण नंतर मासे खायला जायचं होतं. कानांवर आवाज अडवणारे ते डबे लावून मागे शब्दकोडं सोडवत बसली. बायकांना काय कळणार!
आज पिस्तूल. कागदावरच्या माणसाच्या छातीवर नेम धरला. गोळ्या डावीकडे खाली. एक तर शेजारच्या दाढीवाल्याच्या कागदावर गेली. तो म्हणाला, "थँक्यू साहेब, पण माझ्याकडे आहेत गोळ्या." अशा लोकांना आत घेतात कशाला?
निष्कर्ष: पिस्तुलाची नेम धरायची माशीच वाकडी.

९ मार्च, रविवार
प्रार्थनेनंतर सगळे जेवायला थांबलो. मर्लने मुद्दाम मोठ्याने विचारलं, काय ठरलं? म्हटलं, पिस्तूल डावीकडे खाली मारतं. तो म्हणाला, "भावोजी, मग हात बदलून बघा. पिस्तूल नको, हात!" लोक बटाट्याचं सॅलड खाता खाता फिस्सकन हसले. यांच्याच रक्षणासाठी मी जीव धोक्यात घालणार आहे.

१५ मार्च, शनिवार
आज रिव्हॉल्व्हर. हेही डावीकडे खाली! दोन वेगळ्या कारखान्यांची हत्यारं आणि खोट एकच. या देशात धड वस्तू बनेनाशी झाली आहे.
लवॉन उठून आली. "आण इकडे, मी भरून देते." म्हटलं, हौस असेल तर भर. पहिला बार उडाला. दुसऱ्याला चाप ओढला तर नुसतं टक्! तिने गोळ्यांची मधली घरं मुद्दाम रिकामी ठेवली होती. बार उडालाच नाही, तरी नळीने कोंबडीने दाणा टिपावा तशी खाली मान घातली.
लवॉन म्हणाली, "डेल्बर्ट, आवाज व्हायच्या आधीच तू दचकतोस."
मी समजावलं की हे दचकणं नाही, पूर्वतयारी आहे.
मग तिने दोन्ही हत्यारं चालवून पाहिली. कागदावरच्या माणसाचं काळीज गेलं. नशीब, दुसरं काय! दाढीवाल्याने टाळ्या वाजवल्या. कुठलं चांगलं, असं मी विचारलं, तर म्हणाली, "दोन्ही बरी आहेत." याला तुलना म्हणतात?
घरी येताना विचारलं, कुठे शिकलीस? म्हणाली, वडिलांच्या गुरांच्या रँचवर, साप मारायला. एवढ्या वर्षांत बोलली नाहीस, म्हटलं. तर म्हणे, "तू विचारलं नाहीस. तू सांगत होतास."
मासे तेलकट होते.

१८ मार्च, मंगळवार
संकल्प: कॉफी बंद. रोज मनगटांचा व्यायाम, दोन्ही हातांत सूपचे डबे धरून.

२० मार्च, गुरुवार
डबा पायावर पडला. अंगठा सुजला. कॉफी घेतली. दुखण्यात कॉफी चालते.

२९ मार्च, शनिवार
पास्टरने आयत्या वेळी परीक्षा ठेवली. लायक माणसाची परीक्षा घेणं हाच अपमान. वर हवेत धूळ, त्यात अंगठा. शिवाय पिस्तूल घ्यावं की रिव्हॉल्व्हर, हे शेवटपर्यंत ठरेना. पिस्तूल घेतलं. रिव्हॉल्व्हर घ्यायला हवं होतं.
मर्ल पास झाला. तेही एक वेळ सोसलं असतं. पण लवॉननेही नाव दिलं होतं! मर्लनेच तिला भरीला घातलं. कागदाच्या मधोमध एकच फाटकं भोक. मर्ल स्वतः पुढे होऊन पास्टरला म्हणाला, "प्रमुख माझी बहीणच हवी."
गाडीत ती माझ्या नेमबाजीबद्दल चकार शब्द बोलली नाही. बोलली असती तर उत्तर तयार होतं.
संध्याकाळी भांडी पुसताना म्हणाली, "तुला वाईट वाटत असेल तर नाही म्हणते मी."
मी म्हटलं, मला काय, काहीही चालतं.
"मग घेते," म्हणाली.
तिने आणखी एकदा विचारलं असतं, तर काय बिघडलं असतं?

६ एप्रिल, रविवार
मला गाड्यांच्या आवारात नेमलंय. नारिंगी जॅकेट, शिट्टी. हत्यार नाही. मर्लने सुचवलं म्हणे. खरं तर आवार हीच पहिली फळी, शत्रू येणार तो गाडीनेच. हे त्या दातवाल्याला काय कळणार!
लवॉन दारात उभी होती, निळ्या कोटात. येणारा प्रत्येक जण तिच्याशी दोन शब्द बोलून आत जात होता. इतकी ताठ उभी राहते, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. तिने माझ्याकडे बघून हात हलवला. मीही हलवला. तिने पुन्हा हलवला, जरा जोरात. मीही.
मग मागून हॉर्न वाजला. मी रस्त्याच्या मधोमध उभा होतो. बाजूला झालो.