अर्धा दान्को, एक मोजा

कनोरा, ७ मार्च

चि. दान्को यास तुझ्या बहिऱ्या आजीचे पोतंभर आशीर्वाद. वि. वि.

परवा तुझा फोन आला, पण मला नुसती गिरणीची घरघर ऐकू आली. तीनदा हो हो हो म्हणून ठेवून दिला. काय कबूल केलं असेन, देव जाणे. म्हणून बाबा, पत्रच लिहीत जा. मी तिसरीपर्यंत शिकलेय, तेवढं पुरतं.

रेडिओवर तुझी बातमी लागली तेव्हा मी पीठ मळत होते. तुझ्या हॉकीच्या संघाने तुला डोंगरापलीकडच्या संघाला दिलं आणि अर्धा राखून ठेवला, एवढंच कानात शिरलं. अर्धा! कुठला रे ठेवला, वरचा की खालचा? पिठाच्या हातांनीच कोट चढवला आणि को-ऑपच्या दुकानात गेले. तिथे आमची म्हातारी मंडळी रोज सकाळी कॉफी पीत जगाचा न्याय करतात. मेत्रो हलुश्काने साखरेच्या पुड्या मांडून मला समजावलं. प्रत्येक संघाच्या पगारांवर म्हणे एक छत असतं, त्याच्यावर डोकं काढायचं नाही. नव्या संघाच्या छताखाली तुझ्याएवढी जागा नव्हती, म्हणून जुन्याने तुझा अर्धा पगार आपल्याच छताखाली ठेवला. मेत्रो म्हणाला, ही शुद्ध लबाडी आहे. छत घातलं सगळे सारखे राहावेत म्हणून, आणि हे लोक आपलं अर्धं गवत शेजाऱ्याच्या गोठ्यात लपवतात. एवढा न्याय सांगून झाल्यावर पाच पुड्या स्वतःच्या खिशात घातल्या, तो भाग निराळा. मी म्हटलं, लबाडी तर लबाडी, माझ्या नातवाला दोन घरी ताट लागलं!

तुझ्यासाठी लोकरीचे मोजे विणले होते. दोन्ही यजमानांचा मान राखायला नको का? एक मोजा तुला पाठवलाय आणि एक जुन्या संघाच्या साहेबांना. सोबत चिठ्ठी, की आमचा अर्धा मुलगा तुम्ही अजून पोसताय, उपकार आहेत.

लोभ आहेच, तो तरी अर्धा राखून ठेवू नकोस.

तुझी आजी,
परास्का


१६ मार्च

तीर्थरूप आजीस दान्कोचा शि. सा. न. वि. वि.

आजी, तू कशाला हो म्हणालीस ते सांगतो. मी विचारलं होतं, की हा मोसम संपला की खेळणं सोडून गावी येऊ का, काकाबरोबर शेती करू का. तू तीनदा हो म्हणालीस. मला वाटलं, चला, आजीलाही पटलं, आपलं संपलं.

जुन्या साहेबांचा फोन आला होता. एका मोज्याचं काय करायचं, असं विचारत होते. मी जमिनीत शिरायचा तेवढा राहिलो.

इथली पोरं वाईट नाहीत. पण पहिल्याच दिवशी माझ्या कपाटावर बेकरीतल्या शिळ्या पावाची अर्ध्या किमतीची चिठ्ठी चिकटवलेली होती. मीही हसलो. ती अजून काढलेली नाही. तेहतीस वर्षांचा झालो, आजी. अख्खा कोणाला नको होतो, म्हणून अर्ध्यात खपलो, एवढं मलाही कळतं. आणि मेत्रोआजोबा खरंच बोलतात. ज्यांना असा सौदा जमला नाही, त्या संघांनी आमचं काय घोडं मारलं होतं? बर्फावर उतरलो की तेच डोक्यात येतं, आणि समोरचा निघून जातो.

तुझा हो पक्का असेल तर काकाला कळव. पाय दुखतात का ते लिही. लोभ होता तसाच असू द्यावा.

तुझा,
दान्को


कनोरा, २४ मार्च

चि. दान्को यास आजीचे आशीर्वाद, आणि तीन हो परत. वि. वि.

एक, दोन, तीन, मोजून परत घेतले. बहिरीच्या होवर कोणी शेत घेतं का रे, गाढवा?

आता ऐक, हे तुझ्या बापालाही सांगितलेलं नाही. माझं लग्न ठरलं तेव्हा सासरी, प्रोकोपचुकांच्या घरी, नऊ तोंडं होती. त्यांचंही छत भरलेलं! दहावं तोंड नको म्हणून सासरा अडून बसला. त्यात माझा पाव असा, की कुत्रा वास घेऊन माफी मागायचा. तेव्हा माझा बाप म्हणाला, पोरीला घ्या, तिच्या पिठाचं मी बघतो. मग दर शरदात, कापणी आटोपली की, बापाच्या घोडागाडीतून एक पोतं यायचं. म्हणजे तुझी आजीसुद्धा अर्धी राखूनच दिलेली होती, बघ. तेव्हा सगळ्या गावाला माहीत. मी पोतं आत ओढायची आणि जावा हसायच्या.

न्याय होता का, ते युस्तिनाला विचारायला हवं होतं. तुझ्या आजोबांसाठी तीही सांगून आली होती आणि तिचा पाव ढगासारखा फुगायचा. पण तिच्या बापाकडे पाठवायला पोतं नव्हतं. नवरा मला मिळाला. नंतर चर्चच्या स्वयंपाकघरात आम्ही चाळीस वर्षं शेजारी उभ्या राहिलो, आणि माझा पाव भट्टीतून निघाला की ती एकदा खोकायचीच. मीही खोकू द्यायची. तिचा हक्क होता तो. म्हणजे मेत्रो बरोबर आहे, पण मी त्याला तोंडावर सांगणार नाही. नाहीतर अजून पाच पुड्या उचलेल.

पण लाज तू का धरतोस? पोतं तू मागितलं नव्हतंस. आणि अर्धं ओझं दुसऱ्याला उचलावं लागतं ते माणूस जड असतं म्हणून, हलकं असतं म्हणून नाही. मोसम संपेपर्यंत खेळ. मग विचार, तेही पत्राने. गुडघे मजेत आहेत, फक्त जिना त्यांना पटत नाही.

माया तीच, पाव तसाच.

आजी


२८ एप्रिल

तीर्थरूप आजीस शि. सा. न. वि. वि.

आम्ही काल हरलो, मोसम संपला. पण शेवटचे सात सामने मी बरा खेळलो. तुझ्या बापाचं पोतं डोळ्यांसमोर आलं की हसू यायचं, आणि हसताना मागचं आठवत नाही.

आज इथल्या साहेबांनी बोलावून घेतलं. आणखी एका वर्षाचा करार देतायत. पगार सगळा यांच्याच छताखाली, जुन्या संघाचा आता काही संबंध नाही. संध्याकाळी पुडकं आलं. त्यात तुझा दुसरा मोजा होता आणि जुन्या साहेबांची चिठ्ठी, की आमचा अर्धा संपला, आता अख्खा त्यांचा. आजी, एक मोजा दुसऱ्यापेक्षा चार बोटं लांब आहे. तरी दोन्ही घालूनच हे लिहितोय.

सही करू का? या वेळी नीट वाचून उत्तर दे. लोभ अख्खा असावा.

दान्को


कनोरा, ६ मे

चि. दान्को यास आजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

लांब मोजा मी रेडिओवर तुझा सामना लागलेला असताना विणला. तुम्ही हरत होता, मी थांबायचं विसरले.

पोत्याचं एक सांगायचं राहिलं होतं. चौथ्या शरदात ते आलंच नाही. मी दोन दिवस फाटकाशी उभी होते. वाटलं, बाप विसरला. तिसऱ्या दिवशी सासूने मला हाताला धरून आत नेलं आणि म्हणाली, वेडे, तुझ्या बापाला मीच निरोप धाडला, की आता पाठवू नका, पोरगी आमची आहे.

मी तिथेच पिठात बसून रडले. त्या दिवशीचा पावही करपला. तिने खाल्ला.

हो. हो. हो. हे तिन्ही वाचून म्हटलेत.

तुझी अख्खी आजी,
परास्का