मीठ आणि सॉस

१४ ऑक्टोबर, मंगळवार

वॉटीने पुडा परत आणला! वॉटी पर्व्हिसने! बाबा काउंटरला उभे राहायचे तेव्हापासून हा माणूस आमच्याकडचा मासा आणि चिप्स खातोय. आज दार ढकलून आत आला, अर्धा खाल्लेला पुडा माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाला, "इझी पोरी, हे काय गं केलंस? घशाला आग लागली." रांगेत माणसं होती. सगळ्यांच्या देखत!

मी म्हटलं, मासा आज सकाळचा आहे. तर म्हणतो, "माशाला कोण काय म्हणतंय? सॉस बघ तुझा. आंबटढाण झालाय."

सॉस! दुसरं काहीही बोलला असता तर ऐकून घेतलं असतं. चिप्स काय, आमच्या या लीथ बंदरात कोणीही तळतं. माणूस परत येतो तो सॉससाठी. रोज सकाळी दाट तपकिरी सॉस बादलीत ओतायचा, त्यात व्हिनेगर, थोडं पाणी, मग गरम चिप बुडवून चाखायची. बाबांनी माप कधी ठेवलं नाही. कधी थांबायचं ते मात्र मला कानात सांगितलं. माझ्या भावाला, कॅलमला नाही. त्याला तळणी दिली, मला बादली. मी ते आजवर कोणाला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

वॉटी म्हातारा झालाय. जीभ गेली त्याची, दुसरं काय.

माझी भावजय मॉरीन मागे बटाटे सोलत होती. मान खाली. हसत होती की काय, देव जाणे.

१५ ऑक्टोबर

सकाळी चाखलं — पाणी! नुसतं तपकिरी पाणी! व्हिनेगर ओतत गेले, ओतत गेले, तेव्हा कुठे जिभेला काहीतरी लागलं. व्हिनेगरच्या कॅनमध्येच कोणीतरी पाणी घातलंय. कोण घालणार?

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

शुक्रवार असून रांग दारापर्यंतसुद्धा नाही. एरवी फुटपाथवर उभे असतात.

मिसेस टेट आल्या. मी नेहमीसारखं एका दमात विचारलं, "मीठ आणि सॉस?" बाई काचेकडे बघत पुटपुटल्या, "आज नुसतं मीठ घाल गं." नुसतं मीठ! जन्म इथे गेला त्यांचा! परगावचे पाहुणे किल्ला बघून येतात आणि व्हिनेगर मागतात, ते मी समजू शकते. पण मिसेस टेट?

मॉरीन हळूच जवळ आली. "इझाबेल, मी काही बोलू का?" मी म्हटलं, नको. बोलायला कोण सांगतंय हिला? ही कॅलमची बायको, ग्लासगोची. वसंतात लग्न होऊन आली आणि पहिल्याच दिवशी काउंटरला उभी राहून गिऱ्हाइकाला विचारते, "मीठ आणि व्हिनेगर?" आमच्याकडे आणि व्हिनेगर! अख्खी रांग तिच्याकडे बघायला लागली. वॉटी म्हणाला होता, "बाई, गाडी चुकली का तुमची? ग्लासगो तिकडे." महिनाभर लोक हसत होते. ती पण हसायची. पण पोटात ठेवलं असणार.

रात्री जेवायला तिने स्टोव्हीज केले. बटाटा, कांदा, उरलेलं मटण. ना मीठ ना मिरी, जसं काही आजाऱ्याचं खाणं. मी सरळ सांगितलं. कॅलम चमचा हवेत धरून बघत राहिला. "इझी, चांगले झालेत गं." बायकोचंच खाणार ना तो! ती एवढंच म्हणाली, "मी दोनदा मीठ घातलं." ग्लासगोत मीठ महाग असेल!

१९ ऑक्टोबर, रविवार

दुकान बंद. पाय मोकळे करायला बंदरावरून वरच्या शहरापर्यंत चालत गेले. वारा पश्चिमेचा, पण तिकडच्या गॉर्गी भागातल्या दारूभट्टीचा वास नाही. लहानपणापासून तो वास आला की मला भूक लागते. भट्टी बंद ठेवली असेल.

येताना बेकरीतून माझा नेहमीचा काळा भाजलेला पाव घेतला. आत जाड बेकन. पुठ्ठा चावतेय असं वाटलं. आता हेही हात आखडता घ्यायला लागले! या शहरात कोणाला खाण्याची चाडच राहिली नाही. अर्धा पाव सीगल पक्ष्यांना टाकला. सप्टेंबरातल्या त्या सर्दीने अंगातली शक्तीच नेली, चढ चढताना दम लागला.

२१ ऑक्टोबर

नवा कॅन आणला. कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली माझ्या गळ्यात. आता घाल म्हणावं पाणी!

२२ ऑक्टोबर

तरीही पाणचट!! म्हणजे तिच्याकडे दुसरी किल्ली आहे.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

वॉटी आला नाही. शुक्रवारी वॉटी नाही असं कधी झालेलं नाही. सहाच्या सुमारास मी दाराशी उभी होते तर समोरच्या फुटपाथवरून चाललेला दिसला, कोटाच्या आत काहीतरी लपवून. मला बघून पाऊल उचललं त्याने. पुड्याचा कागद बाहेर डोकावत होता — शेजारच्या न्यूहेवनमधल्या चिप्सच्या दुकानाचा! अरे, मोकळ्या हातात घेऊन गेला असता तरी चाललं असतं. लपवलं म्हणून जास्त लागलं.

आत आले आणि मागच्या खोलीत जाऊन रडले. कॅलमने पाहिलं. गळ्यातला पंचा काढून माझ्या हातात दिला.

दुकान बसणार. बाबांचं दुकान माझ्या हातून बसणार!

२५ ऑक्टोबर, शनिवार

आज तोंड सुटलं माझं. जे व्हायचं ते झालं.

दुपारी दोन पोरी आल्या, एकीने चिप तोंडात टाकली आणि "ईऽऽ" करून डोळे मिटले. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मागे गेले आणि मॉरीनला म्हटलं, "सकाळी पाणी घालतेस आणि दुपारी गुपचूप व्हिनेगर ओततेस. दुकान बुडवायचंय ना तुला? माझ्या भावाला तिकडे घेऊन जायचंय ना?"

तिने हातातली सुरी खाली ठेवली. मग म्हणाली, "पाणी? अगं, आंबट आहे तो सॉस! रोज आंबट आहे! पाणी घातलं असतं तर पुण्य लागलं असतं. मी आठवडाभर सांगायचं बघतेय, तू तोंड उघडू देत नाहीस!"

"तुला काय कळतं सॉसमधलं? व्हिनेगर पिणाऱ्या गावची तू!"

कॅलम तळणी सोडून आत आला. तो कधी आवाज चढवत नाही, आजही चढवला नाही. "इझी, हिची माफी माग. नाहीतर आम्ही या महिनाअखेर ग्लासगोला निघतो."

मी माफी मागितली नाही. का मागू? चोरी तिने करायची आणि माफी मी?

पण कॅलम गेला तर तळणीला कोण? मला दिवसभर उभं राहवत नाही. आणि तळणीचं सोडा. बाबा-आई गेल्यावर मला आहे कोण त्याच्याशिवाय?

२८ ऑक्टोबर

समुद्रावरून धुकं आलंय, समोरचं दुकान दिसत नाही. आत घरात पण तसंच. कोणी कोणाशी बोलत नाही. जिन्यात खोकी रचलेली. मॉरीनचे कप वर्तमानपत्रात गुंडाळताना दिसले. मी बाजूने वर गेले.

सूप घेतलं. गरम होतं, एवढंच.

३० ऑक्टोबर

मिसेस टेट औषधाच्या दुकानात भेटल्या. मी विषय टाळून म्हटलं, गॉर्गीची भट्टी बंद पडली वाटतं. म्हणाल्या, "बंद कुठली! सकाळपासून वासाने डोकं उठलंय माझं." मी म्हटलं, हो का. काहीतरी बोलायचं म्हणून बोलतात बायका.

घरी येईपर्यंत तेच डोक्यात.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

मध्यरात्र झाली. तरी लिहिते.

हॅलोविन. संध्याकाळी वेष घेतलेली पोरं दुकानात येतात, विनोद सांगतात, गाणं म्हणतात, त्यांना आम्ही चिप्स देतो. बाबांनी घातलेली रीत आहे. कॅलम सामानासाठी व्हॅन ठरवायला गेला होता. मीच तळणी लावली आणि तिच्याकडे पाठ करून सॉसच्या बाटल्या भरत बसले. एक भूत आणि एक चेटकीण काउंटरपाशी बेसूर गात होती. मी टाळ्या वाजवत होते.

तेवढ्यात जिन्यावरून धडधड मॉरीन आली. "इझाबेल! वास येत नाही का तुला?" पोरांना दंडाला धरून रस्त्यावर काढलं. मी वळून बघते तर तळणीवर निळा धूर, आणि मी बघत असतानाच तळणीतल्या चरबीने पेट घेतला. मी खांबासारखी उभी. तिने गॅस बंद केला, झाकण उचललं आणि दाबून बसवलं. झाकण तापलेलं. तळहात भाजला तिचा, पण सोडलं नाही तिने. विझेपर्यंत सोडलं नाही.

ती पोरं! चेटकिणीच्या झग्याची झालर काउंटरखाली लोंबत होती. एक क्षण जरी —

कॅलम तिला घेऊन दवाखान्यात गेला. जाताना तिने मागे वळून मला विचारलं. ओरडून नाही, अगदी हळू. "जिन्यात उभं राहवत नव्हतं गं त्या वासाने. तुला कसा नाही आला?"

मी म्हटलं, पाठ होती माझी.

१ नोव्हेंबर

पाठ होती. वासाला पाठ काय आणि पोट काय!

आज कपाट उघडलं नाही. कॉफीचा डबा उघडला नाही. साबणाला हात लावला नाही. भीती वाटतेय. कशाची, ते मी इथेसुद्धा लिहिणार नाही.

३ नोव्हेंबर, सोमवार

दुकान बंदच. मॉरीन खाली आली, हाताला पांढरं बँडेज. म्हणाली, "बस. डोळे मीट." मी निमूटपणे मिटले. नाकाशी काहीतरी आणलं तिने. "कशाचा वास?" मी जोराने श्वास घेतला. डोळ्यांतून पाणी आलं, बाकी काही नाही. "पाणी आहे," मी म्हटलं. "उघड," म्हणाली.

आमचीच बादली. काठोकाठ सॉस.

वाटलं, आता हसेल. हसली नाही. चुलीवरची चिप घेतली, बुडवली, स्वतः खाल्ली, तोंड वेडंवाकडं केलं आणि ती बादली मोरीत ओतली. मग नवी बाटली फोडली, दुसऱ्या हाताने कसंबसं ओतू लागली. "मी चाखते," म्हणाली. "कुठे थांबायचं, ते तू सांग."

कॅलम दारात उभा होता. खोकं हातात तसंच.

बाबा, माफ करा. मी सांगितलं तिला — जबड्याच्या मागे झिणझिण्या आल्या की थांब.