ताईच्या वहीतल्या ओळी

१४ सप्टेंबर, सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे. दुकान उघडून तुझ्या कातरीला तेल देत होतो, ते अर्धवट ठेवून लिहितो आहे.

ती. ताईस,
सा. न.

तुझं पत्र काल मिळालं. घरी वही भरत होती, पुनर्वसन केंद्रात राहायला आल्यापासून निम्मी कोरी राहते, दोन आठवड्यांत मी आणखी खचले, तेव्हा कापायचं टेबल विकून टाक, असं लिहिलं आहेस. तीनदा वाचलं. ताई, तू खचलेली नाहीस. घरीही वही निम्मीच भरत होती. उरलेलं मी लिहीत होतो.

मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये फक्त पाय अडखळतात, असं मी धरून चाललो होतो. शाळेतल्या मास्तरांनी शिवायला टाकलेल्या कोटाच्या दोन्ही बाह्या तू डाव्या कापल्यास, तेव्हा लक्ष कुठे असतं म्हणून त्यांच्यादेखत तुझ्यावर ओरडलो. विसरणंही त्या आजारातलंच, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. मग केंद्रातल्या थेरपिस्टबाईंनी तुला, केलेलं प्रत्येक काम घरी वहीत टिपायला लावलं. तुझ्या राहिलेल्या ओळी दिसल्या की मला माझं ओरडणं आठवायचं. तू जेवायला गेलीस की तुझ्याच पेनाने, तुझ्यासारखं अक्षर काढून त्या भरायचो. ती भरलेली वही बघूनच बाईंनी तुला केंद्रात पहिला गट सोडून पुढच्या गटात घातलं.

हे पत्र बाईंना दाखव. टेबल मी विकणार नाही. राग ओसरल्यावर जमलं तर लोभ असू दे.

तुझा,
टाचणी

१९ सप्टेंबर

चि. टाचणीस,
अ. उ. आ.

तुला टाचणी म्हणतात ते उगाच नाही. रोज संध्याकाळी ती वही वाचून मला वाटायचं, चला, एवढं तरी आठवतं. ते सुख तूच दिलंस आणि तूच काढून घेतलंस. दोन दिवस तुझ्या पत्राला हात लावला नाही.

मग बाईंना दाखवलं. त्यांनी मला पहिल्या गटात बसवलं. म्हणाल्या, तुम्ही मागे गेला नाहीत, आपण मोजायलाच भलत्या जागेपासून लागलो होतो. आता एक काम, मग ओळ, मगच दुसरं काम. गटात एक निवृत्त पोस्टमन आहेत, स्वतःचा पत्ता वहीत बघून सांगतात. आमचं छान जमतं.

मास्तरांच्या उजव्या बाहीपुरतं कापड आणून ठेव. ती मीच कापणार. तू शेजारी उभा राहा, पण तोंड आणि हात दोन्ही आवर.

लोभ आहेच, राग अजून ओसरायचा आहे.

आजची वही, बाईंनी मोजलेली: कामं दहा, लिहिलेली सहा, राहिलेली चार. चारही माझी.

ताई