बुडालेला बाजार

गुरुवार संध्याकाळ, सिंगापूर

इथल्या ज्यू विद्यार्थ्यांना घेऊन कोकणातली एक शाळा रंगवायला जायचंय. आज तिथल्या मुख्याध्यापिका बाई फोनवर म्हणाल्या, "शनिवारी अख्खं गाव मदतीला येतंय!" शनिवार आमचा शब्बाथ, त्या दिवशी आम्ही कामाला हात लावत नाही, हे सांगायचं मीच विसरले. मी, शनवार तेल्यांची नात! शनिवारी घाणा बंद, म्हणून तर आम्हाला ते नाव पडलं.

चाचरत सांगितलं.

"मग रविवारी करू. त्या दिवशीचा आठवडी बाजार बुडवू."

"नको, बाई. रविवारी आम्ही एकटे रंगवू."

"पाहुण्यांना एकटं राबवायचं होय?"

बाईंनी फोन ठेवला. शेजारी ऐकत बसलेली लेक तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "सेटल्ड लाह, ममा!"

कसलं सेटल्ड? त्या बाजारात भाजी विकून गावकऱ्यांचा आठवडा निघतो. आम्ही रंगवणार त्या चार भिंतींपायी गावाचा बाजार बुडणार. आणि निघताना हार आमच्याच गळ्यात.