बिनदाव्याची म्हैस

२६ सप्टें., शुक्र.
प्र.ने पुन्हा मानेचं लॉक काढलं. सकाळी फाइल उघडली तर ॲनिमेशनच्या म्हशीची मान घुबडासारखी पाठीमागे. मान हलवायच्या कंट्रोलरला मी मर्यादा घातली होती, खऱ्या म्हशीची मान वळते तेवढीच. आमच्या साहेबांना ती पुरत नाही. "वहिनी, ॲनिमेटरचे हात बांधू नका." हात कुठे बांधले, मान बांधली. त्याची बांधता आली असती तर आधी ती बांधली असती.
परत लॉक केलं.
दीर आणि बॉस एकाच अंगात असले की काय ताप होतो, हे लग्नाआधी कुणी सांगितलं नाही. शिवाजी पेठेतला, घराच्या माडीवरचा ॲनिमेशन स्टुडिओ प्रसादचा. म्हशीची हाडं, सांधे, कंट्रोलर, सगळं मी बसवलेलं; याला रिगिंग म्हणतात. प्रसाद ते कंट्रोलर धरून तिला पळवतो आणि लोक म्हणतात, वा प्रसाद!

२९ सप्टें., सोम.
दूध संघाचे साहेब आले. दिवाळीच्या पाडव्याला चौकात मोठ्या पडद्यावर आपली फिल्म लागणार. पाडव्याच्या मिरवणुकीतल्यासारखी मालकाच्या मोटरसायकलीमागे पळणारी म्हैस. साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, च्या मिळंल काय?" प्र. मोबाइल बघत बसला. म्हटलं, "चहा खाली टपरीवर. मी म्हैस केलीय." साहेब हसले. त्यांना चेष्टा वाटली.
ते गेल्यावर विचारलं, शेवटी नावं येतात त्यात माझं टाकणार ना? रिगिंग, अश्विनी.
"घरातल्या घरात कसलं नाव, वहिनी? आडनाव एकच हाय की."
एवढंच हवं आहे मला. एक ओळ. तीसुद्धा याच्या घशातून निघत नाही.

३ ऑक्टो., शुक्र.
काल आपट्याचं पान हातावर ठेवून "सोन्यासारखं ऱ्हावा" म्हणाला. आज बघते तर म्हैस मोटरसायकलीला बांधून टाकली आहे! सरळ कन्स्ट्रेंट लावला, पोटापासून गाडीच्या मागच्या चाकाला. गाडी जाईल तिकडे म्हैस आपोआप. पाय नुसते जागच्या जागी हलवून ठेवलेत. सरळ रस्त्यावर खपून जातं. चौकात गाडी वळली की अख्खी म्हैस दारासारखी फिरते आणि खुर रस्त्यावरून घसरत जातात.
"भाऊजी, ही पळत नाही. हिला ओढत नेलंय."
"मी दरवर्षी पाडव्याला शंकरतात्यांच्या गाडीवर उलटा बसून शूटिंग करतोय. म्हस अंतर सोडत न्हाय. चिकटून पळती. मला शिकवू नका."
तिथेच घोडं पेंड खातं. गाडीवर उलटं बसून बघितलं की ती चिकटलेलीच दिसणार. रस्त्याच्या कडेला उभं राहून बघायचं त्याला कधी सुचलंच नाही. मी कोडोलीची, म्हशींच्या पायात वाढले. म्हैस मध्येच थांबते, शेण टाकते, दुसऱ्या म्हशीकडे बघते, मग मालकाची हाळी आली की मुसंडी मारते. मिरवणुकीत कुणाच्याही म्हशीला दावं नसतं. त्याच्यासाठी तर मालक वर्षभर मेहनत घेतो.
दुसरी फाइल करून दिली. कन्स्ट्रेंट फक्त डोक्याला, तोंड मालकाकडे राहील एवढाच. पाय मोकळे. ते हाताने, एक एक टाप बसवत करावे लागतील.
"येवढा टाइम न्हाय." फाइल उघडलीसुद्धा नाही.

६ ऑक्टो., सोम.
नवऱ्याला, अजितला, आजऱ्याला फोन. बँकेतून शनिवारीच येतो, पण सल्ले रोज. "समजून घे गं, धाकटा आहे." धाकटा! डोक्यावर केस राहिले नाहीत.
सासूबाई भाकरी थापता थापता, "तू मोठी हाईस. घरात आवाज नको."
आवाज अजून केलाच नाही मी. करीन तेव्हा कळेल.
म्हशीची मान परत घुबड. लॉक केलं.

१० ऑक्टो., शुक्र.
आज झालं.
संघाचे साहेब आले आणि प्र.ने शंकरतात्यांनाही बोलावलं होतं. तात्या म्हणजे पेठेतले जुने गवळी. त्यांच्याच म्हशीचे फोटो घेऊन मी आमची केली. प्र.ला वाटलं तात्या शाबासकी देतील, साहेब खूश होतील.
फिल्म लावली. शिंगं रंगवलेली, गळ्यात माळा, तात्या मान डोलवत होते. वळण आलं. तात्या पुढे वाकले.
"परत लाव."
परत लावली.
"प्रसाद, ही म्हस हाय का ट्रॉली? दावं लावलंयस व्हय तिला? पाडव्याला दावं लावून म्हस पळीवली तर पेठ थुकंल की माझ्या तोंडावर."
साहेबांचं तोंड पडलं. प्र.ने एक क्षणही दवडला नाही. "रिगमध्ये प्रॉब्लेम हाय तात्या. वहिनींनी केलंय. शिकत्यात अजून."
शिकत्यात.
मी उठले, त्याच्या हातातून माउस घेतला. "तात्या, दावं कुणी लावलंय ते दाखवते." गाडीचा कन्स्ट्रेंट उघडला. त्यावर याचंच नाव, prasad_final. त्याचा जोर शून्य केला आणि प्ले दाबलं.
गाडी भुर्रकन निघून गेली. म्हैस चौकात एकाच जागी पाय झाडत राहिली. मालक लांब गेला, दिसेनासा झाला, हिचं पळणं चालूच.
तात्या खोकला येईपर्यंत हसले. साहेबही हसले. मग साहेबांनी हसू आवरून प्र.कडे बघितलं, ते बघणं मी विसरणार नाही. "पाडव्यापर्यंत नीट करा. न्हायतर जुन्या फोटूंचाच व्हिडिओ लावतो आम्ही."
खोटं कशाला बोलू, मजा आली.

१३ ऑक्टो., सोम.
प्र. माझ्या हातचं वाढून घेत नाही. ताट घेऊन आईकडे जातो. सासूबाई माझ्याकडे न बघता वाढतात. अजित रविवारभर पेपरमध्ये तोंड घालून बसला. संध्याकाळी म्हणाला, "बाहेरच्या माणसासमोर करायला नको होतंस." त्याने बाहेरच्या माणसासमोर केलं त्याचं काय? "तो तसाच आहे." मग मीही अशीच आहे.

१६ ऑक्टो., गुरु.
प्र. शेवटी आला. उंबऱ्यातच उभा.
"तुमची दुसरी फाइल द्या."
"नाव?"
"बघू."
या घरात 'बघू'चा अर्थ मला माहीत आहे. म्हटलं, मीही बघते.
"सहाय्य म्हणून टाकतो."
"मी सहाय्य केलं नाही. मी म्हैस केली."
दार आपटून गेला. खरं तर माझीच म्हैस फोटोंच्या व्हिडिओपायी कपाटात जायची हे मलाही नको आहे. तिच्या पापण्यासुद्धा मी बसवल्यात.

१८ ऑक्टो., शनि.
फाइल दिली. सगळं चोख. डोळे मालकाकडे, पाय मोकळे, मानेची मर्यादा हवी तर काढ.
एकच बदल केला. म्हशीच्या पायाखाली मुख्य कंट्रोलर असतो. साधं गोल कडं, ते धरलं की अख्खी म्हैस हलते. ते कडं काढून तिथे माझं नाव घातलं. अश्विनी, ठळक, पिवळं. पडद्यावर ते येत नाही, पण काम करणाऱ्याला सतत समोर. म्हैस बोटभर सरकवायची तरी आधी माझं नाव धरायचं. पुसलं तर म्हैसही जाते. आकार बदलता येतो, पण ते त्याला येत नाही.
दुपारी वरून ओरडला, "वहिनी! हे काढायला येत न्हाय!"
"येत नाही," म्हटलं आणि चकल्या तळत राहिले.

२१ ऑक्टो., मंगळ. लक्ष्मीपूजन
प्र. दोन दिवस खाली जेवायला आला नाही. पाय हाताने बसवत होता. मी एकदा मागून बघितलं. म्हैस थांबते, मान वळवते, मग सुटते. चांगलं केलंय. त्याला सांगितलं नाही.
आज पूजेला सगळे स्टुडिओत. सासूबाई दरवर्षीसारख्या कीबोर्डला, माउसला हळदकुंकू वाहत होत्या. स्क्रीनवर म्हैस होतीच. चष्मा वर करून थांबल्या.
"हे खाली तुझं नाव न्हवं?"
"व्हय, आत्ती."
"प्रसाद, शेवटी येणार की हे?"
"आई, ते दिसत नसतंय पडद्यावर."
"मग दिसंल असं कर की."
अजित फटाक्यांची पिशवी शोधायला लागला. सासूबाईंनी सगळ्यांच्या हातावर लाह्याबत्तासे ठेवले. मला शेवटी.
शेवटची नावांची पाटी अजून व्हायची आहे एवढं मला माहीत आहे. फाइल त्याच्या कॉम्प्युटरवर, पासवर्डही ठाऊक. उघडून बघणार नाही. उद्या चौकात सगळ्या पेठेबरोबरच बघीन. पडद्याशेजारी निवेदनाचा माइक असणार आहे, आणि तो तात्यांच्या हातात.
नाव नसलं तर तात्यांकडून माइक मागून घेईन.